मुंबईचे साधुपुरुष रेव्ह. जॉर्ज बोवेन

दोन घराण्यांत सोयरीक जमविणे एक वेळ सोपे, पण ती सुखाने नांदविणे कठीण, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. दोन ख्रिस्ती मंडळ्यांच्या बाबतीतही हेच खरे आहे. मी नाहूरास राहतो. रविवारी ज्या मंडळीत मी उपासनेस जातो, तिची सांगड दुसऱ्या एका मेथोडिस्ट मंडळीशी घालण्यात आली आहे. पाळकसाहेब एकच आणि उपासनेची जागाही एकच. एक मंडळी सकाळी जमते व तिची उपासना मराठीत होते. दुसरी सायंकाळी जमते व तिची उपासना इंग्रजीत होते. नाताळच्या आधी एकदा दोन्ही मंडळ्यांची मिळून एक उपासना करावी असे निघाले आणि त्याचा विचार करण्यासाठी पंचांची सभा भरली. पहिले गीत कोणत्या भाषेत म्हणावे, दानार्पण कोणाच्या हिशेबी जमा करावे, बाजाची पेटी कोणत्या मंडळीची वापरावी आणि पुढील बाकांवर कोणी बसावे, ह्या चार प्रश्नांवर रात्रीचे दहा वाजले, तरी एकाचाही निकाल लागला नाही. त्या सभेत आपल्या मंडळीचा कैवार घेऊन मीही चार शब्द बोललो. ते शब्द आठवले म्हणजे अजून मान खाली जाते.

घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून फळीवरचे एक जुने पुस्तक काढले. रॉबर्ट स्पीअर ह्या अमेरिकन गृहस्थांनी १९३८ साली लिहिलेले ते जॉर्ज बोवेन यांचे चरित्र होते. विद्यार्थिदशेत मी ते एका वैराग्यशील पुरुषाचे चरित्र म्हणून वाचले होते. त्या रात्री त्यात मला निराळीच गोष्ट आढळली. परस्परांकडे संशयाने पाहणाऱ्या मंडळ्यांना एकमेकींजवळ आणण्याचे काम एका माणसाने कसे केले, आणि ते त्यालाच का साधले, ह्याची ती हकीगत होती. विद्यार्थिमित्रांपैकी पुष्कळांनी अपोलो बंदराजवळचे बोवेन मेमोरियल चर्च बाहेरून पाहिले असेल. ज्यांचे नाव त्या मंदिरास दिले आहे, त्यांची ओळख सर्वांस असावी एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

जॉर्ज बोवेन यांचा जन्म अमेरिकेच्या व्हरमाँट प्रांतातील मिडलबरी गावी ३० एप्रिल १८१६ रोजी झाला. त्यांचे वडील व्यापारी होते आणि न्यूयॉर्क शहरात त्यांची पेढी होती. मुलाने व्यापार शिकावा अशी पित्याची इच्छा असल्यामुळे जॉर्जला लहान वयातच दुकानात बसावे लागले. त्याचे हात हिशेबाच्या वह्यांत गुंतलेले असत, पण मन पुस्तकांत व संगीतात रमलेले असे. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश व जर्मन ह्या भाषा त्याने बहुतांशी स्वतःच्या खटपटीने आत्मसात केल्या. पुढे काही वर्षे तो युरोपात फिरला. तेथील नाट्यगृहे व चित्रशाळा त्याने पाहिल्या. मिसर देशाचाही त्याने प्रवास केला. घरी पैशाची ददात नव्हती, बुद्धी तीक्ष्ण होती आणि चारचौघांत बोलणे आर्जवी होते. एका गोष्टीची मात्र उणीव होती. गिबन आदिकरून ग्रंथकारांच्या वाचनाने तरुणपणीच त्याची ख्रिस्ती धर्मावरील श्रद्धा उडाली होती, आणि आपण नास्तिक आहोत हे तो लपवीतही नसे.

अशा स्थितीत एमा मॉरिस नावाच्या एका धर्मशील तरुणीशी त्याचा परिचय होऊन विवाहाचे ठरले. परंतु ईश्वराची इच्छा वेगळी होती. ती आजारी पडली, दुखणे वाढत गेले आणि १८४४ साली तिने देह ठेवला. जाताना तिने आपले पवित्र शास्त्राचे पुस्तक जॉर्जसाठी ठेविले आणि ते त्याने वाचावे अशी इच्छा दर्शविली. तिच्या शब्दाखातर तो ते रोज वाचू लागला. त्याच सुमारास ख्रिस्ती धर्माच्या प्रमाणांवरील पेली यांचे पुस्तक त्याच्या वाचनात आले. जे मत आपण पूर्ण विचारांती टाकून दिले असे तो समजत होता, त्याची आपण कधी नीट चौकशीच केलेली नाही, हे त्यास उमगले. थोड्याच महिन्यांत त्याचे मन पालटले. तो न्यूयॉर्क येथील युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाला आणि परदेशात जाऊन सुवार्ता सांगण्याचा त्याने निश्चय केला. १८४७ साली त्यांस दीक्षा मिळाली व त्याच वर्षी ते शिडाच्या जहाजाने निघाले. त्या काळी सुएझचा कालवा नव्हता. तो १८६९ साली खुला झाला. आफ्रिकेस वळसा घालून ते मुंबईस पोहोचले तेव्हा १८४८ चा जानेवारी महिना उजाडला होता. त्यानंतर त्यांनी मायदेशाचे तोंड पुन्हा पाहिले नाही.

मुंबईत ते अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी म्हणून आले. ह्या मिशनचा पाया गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांनी १८१३ साली घातला होता. म्हणजे बोवेनसाहेब आले तेव्हा मिशनचे वय पस्तीस वर्षांचे होते. शाळा, छापखाना व उपासनामंदिर ही सर्व तयार होती. बोवेनसाहेबांनी झपाट्याने मराठीचा अभ्यास केला व लवकरच ते रस्त्यावर उभे राहून उपदेश करू लागले. परंतु एक शल्य त्यांच्या मनात सलत राही. ज्या लोकांस ते ख्रिस्ताच्या दारिद्र्याविषयी सांगत, ते लोक सायंकाळी चाळीतील आपल्या अंधाऱ्या खोलीत जात आणि उपदेशक आपल्या बंगल्यात जाई. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत उपदेशक हा प्रथम साहेब होता आणि मग ख्रिस्ताचा सेवक होता. आपला पगार व आपला बंगला हीच आपल्या शब्दांच्या आड येणारी भिंत आहे, असे त्यांस वाटू लागले.

येथवरचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. बोवेनसाहेबांनी तो आचरणात आणिला. १८४९ साली त्यांनी मिशनचे वेतन घेणे बंद केले. देशी वस्तीत एक लहानशी जागा घेऊन ते राहिले. मुलांस खाजगी शिकवणी देऊन जे चार पैसे मिळत, त्यांवर ते आपला चरितार्थ चालवीत. मिशनऱ्यांनी वेतन कमी करून लोकांसारखे राहावे, हे आपले मत त्यांनी सहकाऱ्यांपुढे मांडले होते. पण बायकामुलांचा संसार असलेल्या त्या गृहस्थांस ते मान्य झाले नाही. आता दुसरा कोणी असता तर दोनपैकी एक गोष्ट खचित घडली असती. एक तर त्याने आपला हट्ट सोडला असता, नाही तर आपल्या वैराग्याची पताका उभारून इतरांस कमी लेखिले असते. बोवेनसाहेबांनी ह्यांपैकी काहीच केले नाही. स्वतःपुरता नियम त्यांनी कडकपणे पाळला; इतरांवर तो लादला नाही. ज्यांचे मत त्यांच्या विरुद्ध पडले होते, त्यांच्याच खांद्यास खांदा लावून ते काम करीत राहिले. पुढे मुंबईतील मंडळ्यांत त्यांचे जे वजन पडले, त्याचे मूळ माझ्या मते येथे आहे. मतभेद झाला तरी स्नेह तोडावयाचा नाही, हा धडा ते आयुष्याच्या आरंभीच शिकले.

त्यांचे रस्त्यावरील उपदेशाचे काम वर्षानुवर्षे चालू होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. आज ज्या रुळांवरून आपण नाहूर, मुलुंडकडे येजा करतो, त्याच मार्गाने ती गेली. त्या दिवशी बोवेनसाहेबांस मुंबईत येऊन पाच वर्षे झाली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत शहर वाढले, गिरण्या उभ्या राहिल्या, किल्ल्याचे तट पाडण्यात आले. १८७२ च्या शिरगणतीत लोकसंख्या ६,४४,००० च्या वर गेली. परंतु त्यांच्या उपदेशाने ख्रिस्ती झालेले लोक शोधू लागल्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही सापडणे कठीण होते. लोक ऐकत, वाद घालीत, कधी टवाळी करीत, आणि निघून जात. हे अपयश त्यांनी कोणापासून लपविले नाही. त्याचा दोष त्यांनी लोकांस दिला नाही व सोबत्यांसही दिला नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच जागी जाऊन उभे राहत.

ह्या काळात त्यांच्या हातून दोन कामे अशी झाली की, त्यांमुळे निरनिराळ्या मंडळ्यांचे लोक नकळत एकत्र येऊ लागले. पहिले काम वर्तमानपत्राचे. १८५१ साली निघालेल्या ‘बॉम्बे गार्डियन’ ह्या इंग्रजी पत्राचे संपादन लवकरच त्यांच्याकडे आले व ते त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ केले. ते पत्र अमुक एका मिशनचे मुखपत्र झाले नाही. स्कॉटिश, अँग्लिकन, बाप्टिस्ट वा अमेरिकन, कोणत्याही मंडळीचे वृत्त त्यात सारख्याच आस्थेने येई. चुकीची गोष्ट दिसल्यास टीकाही येई, आणि त्या टीकेतून आपली मंडळी सुटत नसे. दुसरे काम बॉम्बे ट्रॅक्ट अँड बुक सोसायटीचे. ही संस्था १८२७ साली स्थापन झालेली होती आणि तिच्यात सर्व मिशनांचे लोक मिळून मराठी, गुजराती व इतर भाषांतील पुस्तके छापीत. बोवेनसाहेब पुष्कळ वर्षे तिचे चिटणीस होते. कागदाचा भाव, छपाईचा खर्च, पुस्तकांची किंमत असल्या रोजच्या कामांत निरनिराळ्या मंडळ्यांची माणसे एका मेजाभोवती बसत. सिद्धांतावर ज्यांचे जमले नसते, त्यांचे पुस्तकाच्या हिशेबावर जमत असे, आणि एकदा ओळख झाली म्हणजे सिद्धांतावरील बोलण्यातलाही कडवटपणा कमी होई. सहकार्य हे पुष्कळदा अशाच लहान कामांपासून सुरू होते.

आता ज्या प्रसंगामुळे बोवेनसाहेबांचे नाव मेथोडिस्ट मंडळीच्या इतिहासात कायमचे गुंफले गेले, त्या प्रसंगाकडे वळू. अमेरिकन मेथोडिस्ट मंडळीचे काम हिंदुस्थानात विल्यम बटलर यांनी १८५६ साली सुरू केले होते. पण ते उत्तरेकडे, अयोध्या व रोहिलखंड ह्या भागांत होते. कोणत्या मिशनने कोठे काम करावयाचे ह्याच्या सीमा त्या काळी परस्परांत ठरत असत, आणि मुंबई मेथोडिस्टांच्या सीमेबाहेर पडे. अशा वेळी विल्यम टेलर नावाचे उपदेशक ह्या देशात आले. हे गृहस्थ व्हर्जिनियाचे. सोन्याच्या खाणींचा शोध लागून कॅलिफोर्नियात झुंबड उडाली, त्या दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोच्या भर चौकात उभे राहून त्यांनी कित्येक वर्षे उपदेश केला होता. पुढे ऑस्ट्रेलियात व दक्षिण आफ्रिकेतही त्यांच्या सभांनी मोठी जागृती झाली होती. जेम्स थोबर्न यांच्या निमंत्रणावरून ते १८७० च्या नोव्हेंबरात हिंदुस्थानात आले, आणि एक वर्षाने, १८७१ च्या नोव्हेंबरात, त्यांनी मुंबईत सभा घेण्यास आरंभ केला.

टेलरसाहेबांचा आवाज मोठा, दाढी लांब आणि बोलणे सरळ हृदयास भिडणारे. त्यांच्या सभांस मुख्यतः इंग्रजी बोलणारे लोक येत. आगगाडीवरील कामगार, कचेऱ्यांतील कारकून, शिपाई व अँग्लो-इंडियन कुटुंबे हा त्यांतील मोठा भाग होता. ह्या लोकांकडे कोणत्याच मिशनने फारसे लक्ष दिलेले नव्हते. मिशनरी आले होते ते हिंदी लोकांसाठी, आणि सरकारी चर्चमध्ये ह्या गरिबांस पुढची जागा मिळत नसे. टेलरसाहेब त्यांच्या घरोघर गेले. ज्यांनी पश्चात्ताप केला, त्यांचे त्यांनी लहान लहान वर्ग पाडले. जॉन वेस्ली यांच्या अनुयायांनी १७४२ साली ब्रिस्टल शहरात ही पद्धत प्रथम सुरू केली होती. सुमारे बारा माणसांचा एक वर्ग, त्यावर एक वर्गनायक. त्याने दर आठवड्यास प्रत्येकाची विचारपूस करावयाची आणि प्रत्येकाने एक पेनी द्यावयाची. आरंभी ही योजना मंदिराचे कर्ज फेडण्यासाठी होती. पण पैसे मागण्यास घरी जाता जाता माणसांची सुखदुःखे कळू लागली, आणि त्यातूनच मेथोडिस्ट मंडळीची सारी बांधणी झाली. मुंबईत असे वर्ग लोकांच्या दिवाणखान्यांत भरू लागले.

येथेच अडचण उभी राहिली. हे नवे विश्वासी जावयाचे कोणत्या मंडळीत? शहरातील मिशनऱ्यांची अपेक्षा अशी की, टेलरसाहेबांनी लोकांस जागे करावे आणि मग ते लोक अगोदरच असलेल्या मंडळ्यांत वाटून द्यावे. लोकांस मात्र ते पटेना. ज्यांनी आपल्या उंबऱ्यावर येऊन हाक मारिली, त्यांच्याच रीतीने आपली मंडळी व्हावी, असे त्यांस वाटले. १८७२ च्या आरंभी त्यांनी सह्या करून टेलरसाहेबांस तशी विनंती केली, आणि टेलरसाहेबांनी ती मान्य केली. त्यांनी काही गोष्टी मात्र स्पष्ट केल्या. ही मंडळी अमेरिकेतील मिशनरी सोसायटीच्या पैशावर चालणार नाही. आपला खर्च ती आपण उचलील. ती केवळ इंग्रजी बोलणाऱ्यांची नसेल, तर ह्या देशातील सर्व जातींच्या व भाषांच्या लोकांसाठी असेल.

ही वार्ता पसरताच शहरातील मिशनऱ्यांत कुजबुज सुरू झाली. सीमा मोडली, दुसऱ्याच्या शेतात विळा घातला, असे पुष्कळांस वाटले. आणि निष्पक्षपणे पाहता त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. शहर मोठे खरे, पण ख्रिस्ती लोक मूठभर; त्यांच्यात आणखी एक निराळी मंडळी म्हणजे आणखी एक फूट, ही भीती अगदीच निराधार नव्हती. दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसे होती. अशा वेळी सर्वांचे डोळे बोवेनसाहेबांकडे लागले. मुंबईतील त्यांचे ते चोविसावे वर्ष होते. वय पंचावन्न, अंगात जुना कोट, हातात ‘गार्डियन’ची खूण केलेली कच्ची छपाई. त्यांना जर हे काम पसंत पडले नसते, तर शहरात त्यास फारशी प्रतिष्ठा मिळाली नसती.

बोवेनसाहेबांनी टेलरसाहेबांच्या सभांस स्वतः जाऊन पाहिले. आपण तेवीस वर्षे पेरीत होतो आणि पीक दिसले नाही. कालच आलेला हा परका गृहस्थ दोन महिन्यांत कापणी करितो आहे, हे त्यांच्या डोळ्यांपुढे घडत होते. मनुष्यस्वभावाची खरी परीक्षा अशाच वेळी होते. पण मत्सर त्यांच्या मनास शिवला नाही. त्यांनी आपल्या पत्रातून त्या कामाची बातमी दिली व त्यास साह्य केले, आणि लवकरच स्वतः त्या नव्या मंडळीत सामील झाले. टेलरसाहेबांचा स्वावलंबनाचा जो नियम इतरांस विलक्षण वाटे, तो बोवेनसाहेब गेली तेवीस वर्षे न बोलता पाळीत होते. ज्याने पगारच घेतला नाही, तो पैशासाठी वा मानासाठी मंडळी बदलीत आहे असे कोणासही म्हणता आले नाही.

पण त्यांच्या ह्या कृतीतील खरे महत्त्व पुढे आहे. नव्या घरी गेल्यावर त्यांनी जुन्या घराचे दार बंद केले नाही. अमेरिकन मिशनमधील त्यांचे मित्र मित्रच राहिले. ट्रॅक्ट सोसायटीच्या मेजाभोवती सर्व मिशनांचे लोक पूर्वीप्रमाणेच बसत राहिले, आणि ‘गार्डियन’ पत्र मेथोडिस्टांचे मुखपत्र झाले नाही. नवे लोक उत्साहाच्या भरात जुन्या मंडळ्यांस तुच्छ लेखू लागले, तर त्यांस आवरावयास बोवेनसाहेब होते. जुन्या मंडळ्यांच्या मनात नव्यांविषयी किंतु आला, तर ज्यांच्या शब्दावर विसंबावे असे त्यांच्या ओळखीचे माणूस तिकडे होते. पुलाचा एक पाय एका तीरावर व दुसरा पाय दुसऱ्या तीरावर असावा लागतो. दोन्ही पाय एकाच काठावर असतील तर तो पूल नव्हे.

१८७२ साली नॉर्टन, फॉक्स व रॉबिन्स हे तिघे तरुण उपदेशक अमेरिकेहून ह्या कामास येऊन मिळाले. त्यांपैकी नॉर्टन यांनी पुढे दौंड येथे अनाथ मुलांसाठी आश्रम चालविला, हे पुणे जिल्ह्यातील वाचकांस ठाऊक असेल. आगगाडीच्या मार्गाने नवे काम पुण्यापर्यंत व त्याच्याही पुढे पसरले. १८७५ साली टेलरसाहेब ह्या देशातून गेले आणि पुढे १८८४ साली आफ्रिकेचे बिशप निवडले गेले. ज्यांनी मशाल पेटविली ते गेल्यावर ती विझू न देण्याचे काम मागे राहिलेल्यांवर पडते. १८७६ साली ह्या सर्व मंडळ्यांची मिळून ‘साउथ इंडिया कॉन्फरन्स’ स्थापन झाली. मुंबई भागातील मंडळ्यांची देखरेख बोवेनसाहेबांकडे आली. म्हाताऱ्या वयात ते इंग्रजी मंडळ्यांस उपदेश करीत आणि मराठीतील रस्त्यावरचे कामही सोडीत नसत.

ह्या ठिकाणी एक गोष्ट सत्यास स्मरून सांगितली पाहिजे. टेलरसाहेबांची आशा अशी होती की, इंग्रजी बोलणारी मंडळी आधी उभी राहील आणि मग तिच्याच बळावर मराठी व इतर देशी भाषांतील काम वाढेल. ती आशा त्या काळी पुरती सफळ झाली नाही. इंग्रजी मंडळ्या झपाट्याने वाढल्या; मराठी काम सावकाश व कष्टाने वाढले. एकाच मंडळीच्या छपराखाली दोन भाषांचे, दोन राहणींचे लोक आले खरे, पण त्यांस एकमेकांच्या घरी जावयास पुष्कळ वर्षे लागली. नाहूरच्या सभेत आमचे जे चार प्रश्न अडले, ते काही नवे नव्हेत. नियमाने ‘सर्वांसाठी’ असे लिहिले म्हणजे मंडळी सर्वांची होते असे नाही. त्यासाठी दोन्ही भाषा बोलणारी आणि दोन्ही घरांत जेवणारी माणसे लागतात. बोवेनसाहेब तसे एक होते. त्यांच्यासारखे आणखी दहा असते, तर इतिहास कदाचित निराळा झाला असता.

५ फेब्रुवारी १८८८ रोजी, रविवारी, बोवेनसाहेबांनी मुंबईत देह ठेविला. तेव्हा त्यांचे वय एकाहत्तर वर्षांचे होते. चाळीस वर्षे ह्या शहरात राहून त्यांनी मागे घर ठेविले नाही, पैसा ठेविला नाही. मागे राहिली ती त्यांच्या रोजच्या मननांची पुस्तके, ‘गार्डियन’चे अंक आणि सर्व मंडळ्यांच्या लोकांच्या मनातील आदर. लोक त्यांस साधू म्हणत. ते मेथोडिस्ट म्हणून मरण पावले, परंतु त्यांच्यासाठी शोक करणाऱ्यांत अमुक मंडळीचे व तमुक मंडळीचे असा भेद नव्हता.

त्यांच्या पश्चात ह्या देशातील मंडळ्यांनी ऐक्याचे बरेच प्रयत्न केले. १९४७ साली दक्षिणेत आणि १९७० साली उत्तरेत अनेक मंडळ्या एक झाल्या, व इंग्लंडहून आलेल्या मेथोडिस्ट परंपरेचे लोक त्यांत सामील झाले. अमेरिकन परंपरेची मेथोडिस्ट मंडळी त्या ऐक्याबाहेर राहिली, आणि १९८१ साली ‘मेथोडिस्ट चर्च इन इंडिया’ ह्या नावाने स्वतंत्र झाली. ह्या घडामोडींविषयी कोणाचे मत काहीही असो. एक गोष्ट त्यांवरून दिसते. कागदावरील ठराव ऐक्याची चौकट देतो. तिच्यात माणसे बसवावी लागतात, आणि ती ठरावाने बसत नाहीत.

बोवेनसाहेबांच्या चरित्रापासून मी स्वतःपुरता असा बोध घेतला की, ज्यास आपले म्हणून राखावयाचे फार असते, त्याच्याने सांधण्याचे काम होत नाही. आमच्या सभेत प्रत्येकाजवळ राखावयाचे काहीतरी होते. एकाजवळ भाषा, एकाजवळ पेटी, एकाजवळ बाक. मजजवळ माझे मत होते. बोवेनसाहेबांनी पगार सोडला, बंगला सोडला, चोवीस वर्षांच्या श्रमांचा अभिमान सोडला. म्हणून दोन्हीकडची माणसे त्यांच्यापुढे निःशंकपणे बोलू शकली. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. मंडळ्या जवळ याव्या म्हणून मोठ्या समारंभाची वाट न पाहता त्यांनी लहान, नित्याचे व दोहोंस उपयोगी असे काम हाती धरिले.

पुढील सभेत मी प्रथम आपल्या पूर्वीच्या बोलण्याबद्दल सर्वांची क्षमा मागितली, आणि मग एकच सूचना केली. संयुक्त उपासनेचा वाद तूर्त बाजूस ठेवावा आणि दोन्ही मंडळ्यांतील आजारी व एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची एक यादी करावी. सकाळच्या मंडळीने सायंकाळच्या मंडळीतील माणसांस भेटावे आणि सायंकाळच्या मंडळीने सकाळच्या मंडळीतील. वेस्ली यांच्या बारा माणसांच्या वर्गाचीच ही कल्पना होती. नवे त्यात काही नव्हते. चार महिने हे काम चालले. जिन्यावरून खाली उतरू न शकणाऱ्या आजीबाईंस भेटावयास जाणारे जोडपे त्यांची भाषा मोडकीतोडकी बोलू लागले. मग ईस्टरच्या सकाळी संयुक्त उपासना झाली. ज्या गीताची चाल दोन्ही भाषांत एकच आहे असे गीत निवडले, आणि ज्याने त्याने ते आपापल्या भाषेत एकाच वेळी म्हटले. दानार्पण त्या यादीतील माणसांच्या औषधपाण्यासाठी दिले. पुढच्या बाकांवर ती म्हातारी माणसे बसली. बाजाच्या पेटीचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गातही दोन तट असतात, दोन भाषा असतात, दोन वस्त्यांची मुले असतात. मोठेपणी तुमच्यापैकी कोणी पंच होईल, कोणी पाळक होईल, कोणी एखाद्या संस्थेचा चिटणीस होईल. तेव्हा दोघांना जवळ आणण्याचे काम तुमच्या वाट्यास हटकून येईल. त्या वेळी सभेत बोलावयास उठण्यापूर्वी क्षणभर थांबा, आणि आपण कोणती वस्तू घट्ट धरून बसलो आहोत हे पाहा. पुढे कधी अपोलो बंदराकडे जाणे झाले, तर बोवेन मेमोरियलच्या दारापाशी थोडे थांबून जा. त्यांच्या हातात धरून ठेवलेले असे काहीच नव्हते, म्हणून ते हात दोन्ही बाजूंस पोहोचले.